आमच्या इस्त्र्यांचा धूर

तीर्थस्वरूप दाजींना मनापासून नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमची कंबर आता वाकते का, आणि वाकली तर परत सरळ होते का, ते कळवावे. (ताईने फोनवर फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले.)

कारखान्यात सध्या अद्भुत प्रकरण चालू आहे. आमच्या इस्त्र्या घेणाऱ्या मोठ्या दुकानदारांनी कळवले, की तुमच्यामुळे किती धूर होतो त्याचा हिशेब द्या आणि तो कमी करून दाखवा, नाहीतर ऑर्डर बंद. ऑर्डर बंद म्हणजे दुसरी पाळी बंद, आणि दुसरी पाळी म्हणजे, दाजी, मी. या हिशेबासाठी एक बाई आल्या आहेत. बोलणे मऊ, पण नजर अशी, की मालकसुद्धा शर्ट खोचून हिंडतात. त्या म्हणाल्या, धुराची खाती तीन. आपल्या मालकीच्या यंत्रात जळते ते पहिले, थेट. आपण विकत घेतलेल्या विजेसाठी दुसरीकडे जळते ते दुसरे. उरलेल्या सगळ्याचे तिसरे.

मालकांनी पहिलेच खाते ऐकले. (ते कोणतीही गोष्ट अर्धी ऐकतात आणि दुपटीने करतात.) लगेच डिझेलचा जनरेटर फाटकाबाहेर नेऊन ठेवला आणि भिंतीवरून वायर आत घेतली. बाई म्हणाल्या, "जागा नाही बघत, मालकी बघतात." मालकांनी तो तिथल्या तिथे शेजारच्या सुताराला विकला आणि त्याच्याकडून वीज घेऊ लागले. बाई म्हणाल्या, "छान. आता तो दुसऱ्या खात्यात आला." डिझेल तेच, धूर तोच, वर सुताराचा नफा. मालक मटकन खाली बसले.

पण मी थक्क झालो तो तिसऱ्या खात्याने. आपली इस्त्री लोकांच्या घरी तापते, तो धूरही आपल्याच नावावर, ती पार मोडीत निघेपर्यंत! (मालक म्हणाले, म्हणजे मुलगी सासरी गेली तरी तिचे लाइटबिल बापाकडे.) तेव्हापासून मी कामावर येताना लोकांच्या खिडक्यांकडे बघत येतो. कुठे कोणी शाळेचा गणवेश दाबतंय, कुठे कोणी पहिल्या मुलाखतीचा शर्ट. ओळख ना पाळख, आणि सगळे आमच्या खात्यात. मी इस्त्रीचे तळ घासणारा माणूस, दाजी. माझा हात इतक्या घरांत पोचतो हे मला कोणी सांगितलेच नव्हते. बाईंच्या सांगण्यावरून आता कमी विजेत तापणारा तळ करतोय. तो घासताना उगीचच जपून घासतो.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. तिसऱ्या खात्यात मालवाहतूकही येते, म्हणजे तुमचा टेम्पो. कंबर धरून घरी बसण्याआधी तुम्ही माल चढेपर्यंत इंजिन चालू ठेवून फाटकाशी गप्पा मारत होता, ते बाईंनी खिडकीतून पाहिले. "हे कोण?" म्हणाल्या. मी म्हणालो, "तिसरं खातं." (नाते सांगायचा धीर झाला नाही.) मालक म्हणतात, इंजिन बंद ठेवा, नाहीतर दुसरा टेम्पो बघतो. धाकट्याने दाजींना शिकवू नये, पण तेवढे बंद करत जा.

आणखी एक ता. क. : ताई म्हणते, ते इंजिन बंद केले की पुन्हा सुरूच होत नाही, म्हणून तुम्ही करत नाही. काळजी नसावी. अख्खी दुसरी पाळी धक्का मारायला तयार आहे. धक्का मारणाऱ्यांना लागलेला दम कुठल्याच खात्यात धरत नाहीत, हे मी बाईंना विचारून घेतले आहे.