हरकत आहे

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोकला नाही, असलाच तर जरासा. तुझे गुडघे काय म्हणतात?

ऑफिसात सध्या आम्ही विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतोय. वस्ती वाढली, की प्रत्येक मतदारसंघात लोकसंख्या साधारण सारखी राहावी म्हणून रेषा सरकवतात. काल माझ्या टेबलावर आपलाच नकाशा आला. रेषा नेमकी आपल्या गल्लीतून गेली. आपलं घर अलीकडे, मावशीचं पलीकडे. साहेब म्हणाले, "आकडे जुळले ना? मग झालं." रेषा मीच ओढली, आई. एका दमात ओढली, याचीच लाज वाटते.

तुम्ही दोघी बहिणी चाळीस वर्षं हात धरून मतदानाला जाता. आता केंद्रं वेगळी होतील. मावशीला नीट दिसत नाही, तिला कोण नेणार?

नकाशावर महिनाभर लोकांच्या लेखी हरकती घेतात. मी पडले नोकरदार, मला तोंड उघडता येत नाही. तू जन्मभर सगळ्यांना "हरकत नाही" म्हणत आलीस. या वेळी पहिल्याच ओळीत "हरकत आहे" असं ठसठशीत लिही. मावशीचीही सही घे.

अर्ज माझ्याच टेबलावर येतील.

खोडरबर हाताशी ठेवून बसलेली,
तुझी धाकटी