कॉम्प्युटरची खोळ

भाट्ये, रत्नागिरी
ता. २१ नोव्हेंबर १९९९

आदरणीय फैझानभाई यांस,

अद्नानचा सलाम. अम्मीचे गुडघे आता बरे आहेत. पावसात फुटलेली कौलं बदलून झाली. तुम्ही पाठवलेला खजूर पोचला. माझ्या पासपोर्टची झेरॉक्स तुम्ही दोनदा मागितलीत, तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

तुम्ही दम्मामहून पाठवलेला जुना कॉम्प्युटर आता धड चालतो. मारामारीचा तो गेम दोन-दोन तास लावला तरी अडखळत नाही. आधी दहा मिनिटांत त्याचा दम जायचा. ठोसा अर्ध्यावर थांबायचा, आवाज तुटायचा आणि माझं डोकं सणकायचं. सुधारून दोन महिने झाले, पण तुम्हाला कळवलं नाही.

खालेच्या मुलाने, रमजानने, त्या मशीनसाठी किती खटपट केली ते तुम्हाला ठाऊक आहे. चार वेळा उचलून स्टँडजवळच्या त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. पडद्यावरचं चित्र लहान करून पाहिलं, आवाजाचा ड्रायव्हर बदलला, फालतू प्रोग्राम काढले. दुकानात गेम सुसाट पळायचा. घरी आणला की पुन्हा गचके. मग मीच अक्कल चालवली, की हा दुकानात चांगली रॅम घालतो आणि परत देताना काढून घेतो. तुम्हाला फोनवर तसंच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हात तोड त्याचे."

नंतर मी कळवलं की शब्दाने शब्द वाढला आणि थोडी झटापट झाली. ते खोटं होतं.

रमजान त्या दिवशी न बोलावता आला होता, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मी त्याची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. नाक फुटलं. तो म्हणाला, "मी कायव काढलंला नाय रे. खोलून बघ." खोलून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. त्याचा उजवा पंजा टेबलावर दाबून धरला आणि तीन घाव घातले. पहिल्याला तो ओरडला. तिसऱ्याला नुसता श्वास सोडला. लाज वाटते लिहायला, पण मारताना मला बरं वाटत होतं. अम्मीने केस धरून मागे ओढलं तेव्हा थांबलो.

दवाखान्यात त्याने सांगितलं, होडी आणि धक्क्याच्या मध्ये हात सापडला. अम्मीने तो वरवंटा समुद्रात टाकला. आता शेजारून वाटण वाटून आणते.

आपल्याकडे गल्फची वस्तू उघडी ठेवत नाहीत. खाऱ्या वाऱ्याने गंजेल म्हणून अम्मीने टीव्हीसारखीच कॉम्प्युटरलाही खोळ शिवली होती, आतून प्लास्टिक लावून. चालू असतानाही आम्ही ती फक्त पुढून वर करायचो. पंख्याची भोकं मागे, खोळीच्या आत. मशीन तापून गुदमरायचं. दुकानात खोळ नसायची.

रक्त लागलं म्हणून अम्मीने ती धुवून दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी मी उघड्या मशीनवर गेम लावला आणि तो अडखळेचना. मागे हात धरला तर गरम वारा बाहेर पडत होता. मग खोललं. रॅमवर पाठवताना तुम्ही पेनाने केलेली खूण तशीच होती. 

तरी गप्प बसलो. रमजानला चोर ठरवून, आधी त्याच्यासाठी ठरलेला नोकरीचा व्हिसा तुम्ही माझ्या नावाने काढत होतात ना, म्हणून.

परवा त्याच्या दुकानात गेलो. प्लास्टर काढलंय, पण दोन बोटं वळत नाहीत. उरलेल्या बोटांनी भराभर टाइप करत होता. मान वर न करता म्हणाला, "काय, परत गचके मारतंय?"

मी सांगितलं, खोळ होती. त्याने टाइप करणं थांबवलं. मग म्हणाला, "ता माझ्या ध्यानात यायला हवा होता."

भाईजान, पाकिटातली झेरॉक्स रमजानच्या पासपोर्टची आहे. खालेकडून मागून आणली. तुमच्या ऑफिसात टायपिंगचंच काम आहे, ते तो माझ्यापेक्षा चांगलं करील. फोन तुम्ही स्वतः करा त्याला. माझी झेरॉक्स पुन्हा मागू नका. तुमचं एकदा ऐकलं, तेवढं पुरे.

तुमच्याच सांगण्यावरून हात उचललेला,
तुमचा धाकटा भाऊ
अद्नान