रुमाल टाकलेली जागा

२ नोव्हेंबर, रविवार
टण् टण्! दापोलीच्या एसटीची डबल बेल. आज पहाटे कानात वाजली नि जाग आली. काय दिवस होते! खिडकीतून रुमाल आत टाकला की सीट आपली. खलास. आमदार आला तरी उभा.
इथे सौदीत, ताइफमध्ये ही संस्कृती नाही. समोर युनिव्हर्सिटी. आत पार्किंग अपुरं, म्हणून पोरं गाड्या आमच्या दारात लावतात. माझा मुलगा राहील ड्यूटीवरून आला की गाडी कुठल्या कुठे लावून चालत येतो. एरवी चाललं असतं. पण सूनबाईचे, अफशाँचे, दिवस भरलेत. कळा सुरू झाल्यावर तिला चालवत नेणार?
जाहीर केलं: दारातली जागा धरणं माझ्याकडे. राहील म्हणाला, "अब्बा, तुम्ही फक्त आराम करा." किती काळजी पोराला!

३ नोव्हेंबर, सोमवार
जागा रिकामी दिसली. चौकटीचा रुमाल अंथरला, वर दगड ठेवला, चहाला वर गेलो. परत येतो तर रुमालावर पांढरी कॅमरी गाडी!
मालक फहाद, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. माझ्या साइटवरच्या अरबीत त्याला रुमालाचा नियम समजावला. म्हणाला, "या हाज, रुमालाकडे लायसन्स आहे का?" पोरं हसली. पण 'हाज', म्हणजे हाजीसाहेब म्हणून, वयाचा मान ठेवून हसली.

४ नोव्हेंबर, मंगळवार
संकल्प: दुपारची झोप बंद. खुर्ची टाकून स्वतः जागेत बसणार.
दुपारी ३. बसलो. फहाद आला, त्याला चौथीतली नदीची कविता चालीवर म्हणून दाखवली. सगळ्या पोरांनी व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरले. कवितेला भाषेची अडचण नसते.
दुपारी ४. झोपलो नव्हतो, डोळे मिटून पुढचं कडवं आठवत होतो. उघडले तेव्हा मी खुर्चीसकट झाडाच्या सावलीत, जागेत कॅमरी. उचलून नेलं, पण सावलीत ठेवलं. कवितेचा परिणाम.

५ नोव्हेंबर, बुधवार
फहादने रुमाल धुऊन, इस्त्री करून, अत्तर लावून परत दिला. शरणागती! अफशाँ म्हणाली, "चांगला आहे हो तो, अब्बा. नका भांडू." भोळी आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
रुमाल पुरे. अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर मी सेफ्टीत होतो. सकाळीच दोन ड्रम आणि लाल-पांढरी पट्टी लावून जागा बंद केली. ही पट्टी बघून मॅनेजर थांबायचे. एक गाडी आत आली नाही. विजय!
राहील घामाघूम होऊन घरी आला. दारात पट्टी बघून त्याला वाटलं, रस्ता खोदतायत. गाडी पार बगिच्यापलीकडे लावली. कोणी बांधली ही पट्टी, म्हणाला. मी म्हटलं, नगरपालिकेचं काही सांगता येत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सगळे हॉस्पिटलात. गाडीत मला जागा नव्हती. तेव्हा बसून क्रमाने लिहितो.
अफशाँला कळा सुरू झाल्या. राहील गाडी आणायला धावला. थोड्या वेळाने त्याचा फोन: पुढे कोणीतरी डबल पार्किंग केलंय, गाडी निघत नाही. अफशाँ सोफ्याचा हात आवळून बसलेली. मी धीर द्यायला नदीची कविता सुरू केली. "अब्बा, आता नदी नको!"
खिडकीतून फहादला हाक मारली, काय झालंय ते ओरडून सांगितलं. त्याने वर बघितलं, गाडीत बसला नि सुसाट गेला. पळाला! म्हटलं होतं ना?
मग दाराची बेल. लागोपाठ दोनदा. उघडलं तर फहाद. हातात माझी पट्टी, गुंडाळलेली. खाली, अगदी आमच्या जागेत, कॅमरी चालू. आणि दारात फहादच्या पुढे अबायातल्या एक बाई, धापा टाकत. त्याची आई. समोरच शिकवते. सूनबाईला परक्या पोराबरोबर एकटं बसायला लागू नये म्हणून तो आईला चालू वर्गातून उठवून घेऊन आला होता.
मी दारातच उभा, आभाराचं काही काव्यमय सुचतंय का बघत.
बाई म्हणाल्या, "नदीवाले हाज तुम्हीच ना? यल्ला, चला, बाजूला व्हा. जागा अडवलीय तुम्ही."