गिधाडबर्डीचे जंगल न झाडण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
गिधाडबर्डी वनपरिक्षेत्र, जि. अमरावती

विषय : येत्या रविवारी, दि. २६ एप्रिल रोजी, गिधाडबर्डी टेकडीचा उत्तर उतार झाडून न काढण्याबाबत.

संदर्भ : माझा दि. २० एप्रिलचा अर्ज, जो आपण न वाचता पुढे पाठवला.

महोदय,

१. मी निवृत्त शिक्षिका असून गेली अकरा वर्षे रोज सकाळी आमच्या वसाहतीमागून ही टेकडी चढते. खाली सालई, धावडा. वर बोर-हिवराची काटेरी झुडपे. साडी फाटते, तक्रार नाही.

२. वरिष्ठांची पाहणी ठरल्याने दि. १९ रोजी आपण दक्षिण उतार खराट्याने झाडून घेतला, पाचोळ्याचे ढीग पेटवले आणि धावड्यांच्या बुंध्यांना चुना-गेरू फासला. ही नासधूस आहे. कार्यालयीन भाषेत याला दुसरा शब्द सापडला नाही.

३. रातवा हा पक्षी घरटे बांधत नाही. पाचोळ्यावरच दोन अंडी घालतो, दगडाच्या रंगाची. झाडणाऱ्या मजूर पार्बताबाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "आंगन झाडतो तसं झाडलं बाई. दोन गोटे भेटले, ढिगात टाकले. हाताले गरम लागले. मले वाटलं, उन्हानं." मी सांगितल्यावर त्या तिथेच खाली बसल्या. त्यांचा दोष नाही.

४. (हा परिच्छेद आपल्याविषयी होता. खोडला आहे.)

५. वनरक्षक मोतीराम यांचे म्हणणे : "म्याडम, सायेब येऊन राहिले. जंगल चकाचक पायजे. पाचोळा पाहून काय म्हनतीन?" 'जंगल' म्हणतील, असे मी सांगितले. त्यांनी खराटा माझ्यासमोरच आपटून साफ केला.

६. उत्तर उतारावर रातव्याची दुसरी जोडी आहे. तेवढ्यासाठीच मी अर्ज केला होता. त्यात 'पाचोळा' हा शब्द दिसल्याने आपण तो नगरपालिकेच्या स्वच्छता विभागाकडे वर्ग केला. त्या विभागाने दोन दिवसांत, कौतुकास्पद तत्परतेने, माझ्या विनंतीवरून म्हणून उत्तर उतारासाठी दोन घंटागाड्या व पंधरा खराटे मंजूर केले. ते रद्द करण्याचा अधिकार मला नाही. आपल्याला आहे.

७. सबब, उतार आहे तसा राहू द्यावा. पाहणीला येणाऱ्यांना तो घाण वाटल्यास ती घाण माझ्या नावावर लिहावी.

आपली नम्र, आणि रविवारी पहाटे पाचपासून उताराच्या पायथ्याशी उभी राहणारी,
ज्योत्स्ना देवमन तायडे
दि. २२ एप्रिल २०२६

सोबत :
(१) जळकी टरफले, कागदी पुडीत.
(२) घंटागाड्यांचे मंजुरीपत्र.
(३) उत्तर उतारावरची दोन अंडी : जोडता आली नाहीत. मादी उठत नाही.