गाडी लागली

४ ऑगस्ट २०२५

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर बालवाडीतलं, मजकूर मात्र पन्नाशीतला. उजव्या कोपरात लोखंडी पट्टी आहे, बोटं अजून मुठीत येत नाहीत.

तारीख आली! एकोणीस सप्टेंबर, लातूर कोर्ट. माझी साक्ष आणि उलटतपासणी. म्हणजे नांदेडहून निघायचं, लोहा, अहमदपूर, आणि मग चाकूरच्या अलीकडचा तो पूल. डिसेंबरात तिथेच ट्रक आमच्या भाड्याच्या जीपला घासून गेला. पुढे निघून गेला तो, माझं कोपर चुरडून; नंबर तेवढा मिळाला. आता भरपाई हवी तर त्याच पुलावरून जा!

वीस वर्षं पेपरात सदर लिहून सगळ्या जिल्ह्याची टर उडवली. आणि आज रिक्षाने नुसता हॉर्न दिला तर भिंतीला चिकटले. टिंगल करायला हा विषय चांगला होता — दुसऱ्या कुणाचा असता तर.

१० ऑगस्ट

शेषेराव वकील आले. मार्तंडचा निलंग्याचा वर्गमित्र, वकिली लातुरात, म्हणून आमचा दावाही लातुरात. नवऱ्याच्या मैत्रीला किलोमीटर दिसत नाहीत.

"वहिनी, लई घोटाळा झालाय."

घोटाळा माझ्याच तोंडचा. अपघातानंतर दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. काय झालं, म्हणाला. मी म्हणाले, "मला गाडी लागली." म्हणजे मळमळलं, उलटी आली, म्हणून खिडकीतून वाकले. पण एवढं सांगायच्या आत शुद्ध गेली. त्याने त्याच्या परीने वाक्य पुरं केलं — 'मला गाडी लागली व मी जखमी झाले.'

आता ट्रकची विमा कंपनी म्हणते, बाई जीपमध्ये नव्हत्याच! रस्त्यात उभ्या होत्या, त्यांना दुसरीच कुठली गाडी लागली. जीप-ट्रकची गोष्ट मागाहून रचलेली. सबब दावा खोटा.

"मग खरा अर्थ सांगते ना कोर्टात."

"सांगा की. मग ते म्हणतील, हात बाहेर कशाला काढला? चूक तुमचीच."

जन्मभर शब्दांवर पोट भरलं. दोन शब्दांनीच पकडलं!

दावा गेला तर हाताचं दुसरं ऑपरेशन गेलं. ऑपरेशन गेलं तर हात गेला. एवढं सरळ आहे. सरळ आहे म्हणूनच भीती वाटते.

१७ ऑगस्ट

उठल्या उठल्या डोकं ठणकतं. पोटात ढवळतं. कोर्टाला अजून महिना आहे आणि ही तऱ्हा! मार्तंड म्हणतो, टेन्शन. त्याच्याकडे सगळ्याला तोच एक शब्द आहे. सुखी माणूस.

२४ ऑगस्ट

व्यंकट आला. तोच जीपवाला, धर्माबादचा. त्याचीही साक्ष आहे. घाबरून खुर्चीच्या कडेवर बसला, जणू खुर्चीच त्याच्यावर केस करणार.

"ताई, मी आरशात बघून राहिलो होतो. तुमी पांढऱ्याफट पडल्या. मी म्हनलं थांबवतो, तेवढ्यात तुमी खिडकीतून वाकल्या. कोपर बाहेर, अन् ट्रक आलाच."

"हे असंच सांग."

"सांगतो. पन ताई, माझ्या गाडीत कुनाला लागत न्हाई हो. अन् त्या रस्त्याला वळन तरी हाय का? सरळ सडक! तुमाला कशी लागली?"

त्याला त्याच्या जीपच्या अब्रूची पडली होती.

मग फोनवर शेषेराव. "वहिनी, विचारलं तर म्हणायचं — हाव, मला नेहमीच गाडी लागते."

"कधीच लागली नाही! एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून भजी खात कादंबऱ्या वाचल्यात मी."

"लई खरं बोलू नका. हे काय तुमचं सदर न्हाई."

खोटं बोलायचीही भीती, खरं बोलायचीही. फक्त गप्प बसायची भीती नाही, पण ते मला येत नाही.

१८ सप्टेंबर

उद्या. जेवण गेलं नाही.

२० सप्टेंबर

जाऊन आले. पूल आला तेव्हा डोळे मिटले, मार्तंडचा हात एवढा दाबला की आता भरपाईचा दावा तो लावेल. व्यंकटने तेवढ्यापुरती गाडी बैलगाडीसारखी हाकली.

विमा कंपनीचा वकील तरुण, अतिशय सभ्य. सभ्य माणसाची मला जास्त भीती वाटते.

"गाडी लागली म्हणजे काय?"

सांगितलं. न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "उलटीची भावना झाली, असं घ्या." एका वाक्यात मी रस्त्यावरून उचलून परत जीपमध्ये बसवली गेले! जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात —

"यापूर्वी कधी गाडी लागली होती?"

मागे शेषेराव खोकले. मोठ्याने खोकले.

"नाही."

"म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा? सरळ रस्त्यावर? नेमकी ट्रक येण्याच्या क्षणी?"

"हो."

"का लागली, सांगू शकाल?"

वीस वर्षं टोमणे विकणारी मी, त्या वकिलाच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडकडे बघत म्हणाले,

"नाही. माहीत नाही."

बाहेर आले. गाडी केव्हाची झाडाखाली उभी होती, व्यंकट आत झोपलेला; त्याची साक्ष पुढल्या तारखेला. तरी वऱ्हांड्यातच पोट उसळलं. नाली गाठेपर्यंत उलटी झालीच. शेषेरावांनी कपाळावर हात मारला —

"वहिनी! हेच आत केलं असतं तर केस इथंच जिंकलो असतो!"

मार्तंड हसला, आवाजाने उठून आलेला व्यंकट हसला. मीही हसले. पण परतीच्या वाटेवर पूल कधी गेला कळलं नाही. त्या पोराचा प्रश्नच डोक्यात. का लागली?

२१ सप्टेंबर

रविवार. कुठे जायचं नाही, तारीख नाही. गॅलरीत खुर्चीवर बसून चहा घेत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली. मग उलटी.

मार्तंड पाणी घेऊन धावला. "काय झालं गं?"

सवयीने म्हणाले, "गाडी लागली."

दोघंही खुर्चीकडे बघत राहिलो.

उद्या डोक्याचा स्कॅन. डॉक्टरांनी फोनवर एकच विचारलं — हे सगळं अपघातानंतर सुरू झालं ना?

मी नाही म्हणाले. पहिली मळमळ पुलाच्या आधीची.