अख्ख्या महिन्याचे रोजे

इस्फरा, १४ एप्रिल

झेबोच्या बाबांना सलाम.

आम्ही इथे खुशाल आहोत. तुम्हीही कानटोपी घालून कामावर जात असाल, असं धरून चालते. जर्दाळूचा बहर यंदा गारठला, तरी वरच्या बागेत फळ धरलंय. झेबोला दाढ येतेय, त्यामुळे दिसेल ते चावते. काल आईंच्या अंगठ्यालाच चावली. "बापावर गेलीय मेली!" म्हणत आईंनी उलट तिचा पापा घेतला.

पत्र तिकडे यायला निघालेल्या फैजुल्लोकाकांबरोबर पाठवतेय, वाळवलेल्या जर्दाळूंच्या पिशवीत, तळाशी. फोनवर का बोलले नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या घरी फोन म्हणजे मेजवानीच. आई मध्ये बसणार, आवाज मोठा करणार, शेजारणी चहा पीत ऐकणार. तिथे मी "तब्येत सांभाळा" यापलीकडे काय बोलणार?

ईद छान झाली. सांबुसे चांगले फुलले होते.

तुम्ही गेलात त्याच दिवशी मी गोळ्या बंद केल्या, गेल्या वर्षीसारख्याच. नवरा रशियाला गेला की बंद, यायच्या आधी सुरू. गल्लीतल्या निम्म्या बायका असंच करतात आणि एकमेकींना सांगत नाहीत. बंद केल्यावर थोडं अंगावरून गेलं, आणि मग पाळीचा पत्ताच नाही. तेवढ्यात रमजान लागला. पाळीत रोजा धरत नाहीत, म्हणून बाईचा रोजा मध्येच चुकला की अख्ख्या घराला कळतं, हिची पाळी आलीय. माझा एकही चुकला नाही. मी वेडी खूश होते, की नंतर एकटीने रोजे भरून काढायला नकोत!

ईदच्या दिवशी आईंनी भरल्या घरात जाहीर केलं, "अख्खा महिना रोजे, एकही खाडा नाही! अगं, सुनेच्या पोटात पाहुणा आहे, दुसरं काय!" माझं कोण ऐकतंय? पोटमाळ्यावरचा पाळणा खाली आला, अंगणात उन्हात ठेवला गेला. आणि तुम्हाला फोन लागला. "मुबारक हो रे, पुन्हा बाप होतोयस!"

तुम्ही नुसतं "खुदाची मर्जी" म्हणालात आणि फोन ठेवलात. त्यानंतर फोन नाही.

बघा, बहर, दाढ, सांबुसे सगळं लिहून झालं, पण लिहायचं होतं ते हेच. गोळ्या तुम्हीच बाजारातून आणून देत होतात. झेबोच्या वेळी पोट फाडलं, तेव्हा खुजंदच्या डॉक्टरीणबाई तुमच्यादेखत म्हणाल्या होत्या, "टाके नीट भरू देत, दुसऱ्याची घाई नको." मग तुम्ही असेपर्यंत गोळ्या घेणारीला दिवस गेले कसे, हा विचार तुम्ही तिथे बसून केलात. हो ना? मला विचारायचं सोडून मनात काय काय आणलंत! मला फार लागलं ते.

ऐका आता. ईदनंतर मी दवाखान्यात मुनव्वरताईंकडे गेले. तपासणीत काही निघालं नाही. त्या म्हणाल्या, "गोळ्या सोडल्या की पाळी एकदोन महिने रुसून बसते गं. त्याचं बाळ नसतं होत."

गेल्या आठवड्यात पाळी आली. दोरीवरचं धुणं बघून आईंनी मांड्यांवर हात मारून घेतले. "घात झाला! बादल्या उचलू नकोस म्हणून कानीकपाळी ओरडत होते!" शेजारणी बाळंतिणीला देतात तसा तुपातल्या पिठाचा गरम अताला घेऊन सांत्वनाला आल्या. मान खाली घालून डोळ्यांना ओढणी लावली असती, तर सगळं निभावलं असतं. पण नसलेल्या बाळासाठी मी रडणार नव्हते. सगळ्यांसमोर सांगितलं, "आई, बाळ नव्हतंच. मी गोळ्या घेते."

अताला तसाच राहिला. सगळ्या गेल्यावर आई एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलाला माहीत आहे?"

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा."

आईंनी अजून फोन लावलेला नाही. तुमच्या फोनची वाट बघतायत. पाळणा अंगणातच आहे, मला उचलू देत नाहीत. तेव्हा तुम्हीच फोन करा. आवाज मोठा असू दे, शेजारणी असू देत. आईंना सांगा, "आम्ही दोघांनी ठरवलंय." यातलं "दोघांनी" गिळू नका.

गेल्या वर्षी तुमच्या भावाच्या लग्नाला न कळवता आलात, मी घाईत गोळ्या सुरू केल्या आणि महिनाभर थोडं थोडं अंगावरून जात राहिलं. या वेळी आधी कळवा. मुनव्वरताईंनी सांगितलंय, पाळीच्या पहिल्याच दिवशी सुरू करायच्या, सुरुवातीला थोडं डागलं तर घाबरायचं नाही. नवं पाकीट आणून ठेवलंय.

पण आईंशी न बोलता आलात, तर ते पाकीट तसंच राहील आणि तुमची गादी आईंच्या खोलीत घातलेली असेल. त्या कशा घोरतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

नेहमीसारखं खाली "झेबोची आई" लिहिणार होते. पण हे सगळं तिच्या आईने नाही, मी लिहिलंय.

सबोहत