दार धरल्याबद्दल

दि. १४, गुरुवार

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

सर्वप्रथम तुझ्या लोकरी मोज्यांविरुद्ध माझा सविनय अभियोग. जुळे म्हणून पाठवलेस. पैकी डावा पहिल्याच धुण्यात इतका आटला की आता फक्त अंगठ्याच्या कामाचा उरला. न्यायशास्त्रातली एकही युक्ती त्याच्या बचावाला येत नाही. भाऊजींच्या मोज्यांचेही असेच झाले का, विचारून कळव.

बाकी क्षेम. चिरंजीवांनी नोकरी धरली आणि दाढी ठेवली. दाढी अधिक टिकेल असे दिसते.

मान आता वळते. जिन्यावरून पडलो असे तुला फोनवर म्हणालो होतो. जिन्याला उगाच बदनाम केले, ताई.

ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या पुस्तकांची खोली आहे. तिथे आमच्या कार्यवाहांनी दार लावून घेतले, मान दाबून धरली आणि माझ्यावर बळजबरी केली. बाईवर करतात तीच. यापेक्षा सभ्य शब्द मला पुष्कळ येतात, एकही उपयोगी नाही. मी ओरडलो नाही. समोरच्या फळीवरची नावे वाचत राहिलो. निघताना त्यांनी माझ्यासाठी दार उघडे धरले आणि मी म्हणालो, "आभारी आहे."

वर येऊन गार झालेला चहा प्यायलो.

माझी खोड तुला ठाऊक आहे. दात उपटणाऱ्या डॉक्टरचेही मी आभार मानले होते, त्यावर तू वर्षभर हसलीस.

चौकीवर सगळे सांगितले, आभार मानल्याचेसुद्धा. फौजदार म्हणाले, "काका, एवढं दणकट शरीर तुमचं, एक ठेवून द्यायची ना!" शिपाई भिंतीकडे तोंड करून हसला. बळजबरीच्या कलमात म्हणे बाईच बसते, मी बसत नाही. म्हणून धक्काबुक्की नोंदवली. आमच्या वकीलबाई म्हणतात, "आभाराचं आठवत नाही म्हणा हो. त्यांचा वकील तेवढंच धरून बसेल." पण मला आठवते. सोमवारी साक्षीत विचारतील, मी हो म्हणेन.

एवढे लिहूनही काही वाटत नाही. जेवतो, झोपतो, कामावर जातो. दाराकडे पाठ करून मात्र बसत नाही.

निकालाची मला काळजी नाही. चिरंजीव हट्टाने न्यायालयात येणार आहे. काय झाले ते त्याला ठाऊक आहे. मी काय म्हणालो, ते नाही. ते ऐकल्यावर तो माझ्याकडे बघेल की खाली, एवढीच भीती आहे.

तू ये. त्याच्या शेजारी बस.

तुझा धाकटा,
अजून तोच आहे असे धरून चालणारा